पॅच खरा, जॅकेटही खरं, पण दोघांची गाठ कोणी मारली? सदरमधल्या जुन्या मिलिटरी कपड्यांच्या दुकानाचा अनुभव

पाचपैकी चार स्टार देऊन राहिलो, आणि तो एक स्टार काऊन कापला तेही सांगतो. थोडं लांब होईल, पण ज्यांना जुने फौजी कपडे जमवायचा नाद आहे त्यांनी पूर्ण वाचा, कारण मागच्या दोन महिन्यांत मी या दुकानाच्या तीन चकरा मारल्या आणि तिथं जे शिकलो ते आधी माहीत असतं तर माझे चार हजार आठशे रुपये वाचले असते.

दुकान नागपूरच्या सदरमध्ये आहे. कस्तुरचंद पार्क मेट्रोला उतरून पायी गेलेलं बरं, गाडी आणली तर पार्किंगची बोंब. बाहेरून पाहाल तर वाटणारच नाही की आत काही खास आहे, समोर सगळे बूट, रेनकोट, ट्रेकिंगच्या बॅगा, एनसीसीच्या पोट्ट्यांसाठी बेल्ट आणि टोप्या, असंच. जुना माल मागच्या खोलीत आहे आणि तो मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. मालक पन्नाशीचे असतील, बोलायला शांत, घाई नाही करत. मागच्या खोलीच्या दारातच एक रफूवाले चाचा बसतात, त्यांचा दुकानाशी तसा संबंध नाही, ते आपले सदर भागातले शेरवानी-शालू रफू करतात, जागा मालकांनी दिली आहे. पण माझ्यासाठी हे दुकान म्हणजे अर्धं ते चाचाच आहेत.

माल कुठून येते हा प्रश्न सगळ्यांना पडते. मालक सांगतात तसं, परदेशातले वापरलेले कपडे गाठींनी गुजरातच्या कांडला बंदरावर उतरतात, तिथं निवडानिवड होते, जे कामाचं नसते ते पानिपतला जाऊन फाडून परत धागा होते, आणि या सगळ्या रस्त्यात कुठंतरी एखादं अमेरिकन वाळवंटी छापाचं जॅकेट निसटून इकडे येते. म्हणजे कपडा खरा असायची शक्यता चांगली असते. घोळ कपड्यात नसतेच, घोळ असते त्याच्यावर शिवलेल्या पॅचमध्ये, म्हणजे खांद्यावर युनिटचा जो कापडी बिल्ला असते त्याच्यात.

आता थोडं बॅकग्राउंड, नवीन लोकांसाठी. अमेरिकन फौजेचे वाळवंटी कपडे शिवलेल्या पॅचवाले म्हटलं की मुख्य दोनच. एक सहा रंगांचं, ज्याच्यावर काळे-पांढरे खडे टाकल्यासारखे ठिपके असतात, त्याला सगळे चॉकलेट चिप म्हणतात, 1991 च्या आखाती युद्धाच्या फोटोंत तेच दिसते. दुसरं तीन रंगांचं, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, अफगाणिस्तानात 2001 ला आणि इराकमध्ये 2003 ला तेच अंगात होतं. 2005 पासून डिजिटल छापाचा नवीन युनिफॉर्म यायला लागला आणि त्याच्यावर पॅच वेल्क्रोने चिकटवायचे, मग शिवण्याचा विषयच संपला. वेल्क्रोवर तपासायला काही नसते, कोणीही कोणताही पॅच कधीही लावू शकते. शिवलेल्या पॅचमध्ये मात्र सुईची भोकं राहतात, दोरा राहते, खालचा कपडा राहते, आणि ते सगळं बोलते.

खांद्याचा नियम पण समजून घ्या, अमेरिकन आर्मीत डाव्या खांद्यावर सध्याच्या युनिटचा पॅच आणि उजव्या खांद्यावर ज्या युनिटसोबत युद्धात होता त्याचा. उजवीकडचा पॅच म्हणजे जवानाने कमावलेली गोष्ट. म्हणूनच विकणाऱ्यांना तो फार आवडते, साधं जॅकेट हजार-बाराशेत जाते आणि तेच दोन्ही खांद्यांवर चांगले पॅच असले की चार-पाच हजार.

माझे पैसे असेच गेले. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून सहा रंगांचं जॅकेट घेतलं, डाव्या खांद्यावर फर्स्ट इन्फन्ट्री डिव्हिजनचा तो मोठ्ठा एकचा आकडा, वाळवंटी रंगात म्हणजे खाकीवर तपकिरी, आणि वर्णनात लिहिलं होतं की डेझर्ट स्टॉर्ममध्ये, म्हणजे त्याच 1991 च्या आखाती युद्धात वापरलेलं. फोटोत एकदम थकलेलं, उन्हात विटलेलं दिसत होतं. मी कामठीत लहानाचा मोठा झालो, गार्ड्स रेजिमेंटल सेंटरच्या आसपास, फौजी कपड्यांवरच्या प्रत्येक बिल्ल्याचा काहीतरी अर्थ असते हे आमच्या मोठ्या काकांनी शाळेत असतानाच डोक्यात भरवलं होतं, त्यामुळे ते जॅकेट आलं तेव्हा मी दोन दिवस ते खुर्चीच्या पाठीला लावून नुसतं पाहत होतो.

मग एका मित्राने या दुकानाचं सांगितलं की तिथं जुनं कापड समजणारा माणूस आहे, एकदा दाखव. पहिली चकर ती.

मालकांनी आधी जॅकेटच्या आतलं लेबल पाहिलं. त्यांनी ते वाचायला शिकवलं ते फार कामाचं आहे. कॉन्ट्रॅक्ट नंबर डीएलए100 ने सुरू होते आणि त्याच्यानंतरचे दोन आकडे म्हणजे कॉन्ट्रॅक्टचं वर्ष. नंतरच्या मालावर एसपीओ100 असते, पुढं तसंच दोन आकडे. खाली 13 आकड्यांचा स्टॉक नंबर, कपड्यांसाठी तो 8415 ने सुरू होते आणि पुढचा 01 म्हणजे अमेरिका. माझ्या जॅकेटवर सगळं बरोबर होतं, वर्ष 80 च्या दशकातलं. मी खूश. मालक म्हणाले, भाऊ, हे जॅकेटचं जन्माचं वर्ष झालं, पॅच कधी बसला ते लेबल नाही सांगत.

मी माझ्यासोबत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च नेला होता, कारण सगळीकडे तेच वाचलं होतं की पॅच चमकला की नकली. टॉर्च मारला तर पॅच चमकला, पण जॅकेट पण चमकलं, सगळंच निळसर. मला वाटलं गेलं, सगळंच नकली. चाचा तिथूनच हसले आणि म्हणाले, बेटा, घरी पांढऱ्या कपड्यांना रानीपाल घालायचे की नाही, तेच हे. आणि खरंच, कपड्याला चमक आणणारं जे केमिकल असते ते आता साध्या धुण्याच्या पावडरमध्ये पण असते, एकदा धुतलं की कोणताही जुना कपडा त्या लाइटमध्ये चमकणार. शिवाय 1980-90 च्या पॅचमध्ये मुळातच सिंथेटिक दोरा असू शकते, त्यामुळे आखाती युद्धाच्या मालाला ही टेस्ट जवळपास फुकट आहे. दुसऱ्या महायुद्धाचा म्हणून विकलेला सुती पॅच असेल आणि तो चमकला तर मात्र विचार करावा, तरी आधी हे विचारा की मागच्या ऐंशी वर्षांत तो कोणी धुतला का.

मग चाचांनी जॅकेट उलटं केलं. उलटं करणे हेच मुख्य काम आहे, हे मी आता प्रत्येकाला सांगून राहिलो. बाहेरून पॅच पाहून काही होत नाही, बाहेरची बाजू दाखवायसाठीच बनवलेली असते. आतून बाहीवर पॅचच्या शिवणीचा जो दोरा दिसते, बॉबिनचा म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा, तो बाकीच्या जॅकेटइतका जुना पाहिजे. माझ्या जॅकेटची खिशाची, कॉलरची शिवण आतून मळकट, दोरा दबलेला, आणि पॅचच्या जागी आतून दोरा तुकतुकीत, फुगलेला, जणू काल शिवला.

दुसरी गोष्ट चुण्या. या जॅकेटचं कापड नायलॉन आणि कॉटन मिळून असते, कॉटन धुतल्यावर आटते, पॅचचा सिंथेटिक दोरा त्या मानाने आटत नाही, म्हणून पॅच शिवून मग दहा-वीस वेळा धुतलेलं जॅकेट असलं की पॅचच्या चारही बाजूंनी कापड बारीक गोळा झालेलं दिसते आणि पॅच स्वतः मधून थोडा फुगते. माझ्या जॅकेटवर पॅच इस्त्री केल्यासारखा सपाट. म्हणजे कापड आधीच आटून झालं होतं, पॅच नंतर आला.

मी म्हटलं पण रंग तर पॅचचा पण विटलेला आहे. त्याच्यावर चाचांनी खालच्या कडेवर बोट ठेवलं, तिथं एक तपकिरी रेघ होती, बारीक, कप ठेवल्यावर बशीत उमटते तशी. चहा. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं की पातळ कापड लवकर सुकते आणि पॅचची जाड कड शेवटी सुकते, सगळा रंग तिथं येऊन बसते. घामाचा किंवा धुळीचा मळ असा एका रेघेत नसते, तो शिवणीत, खिशाच्या कोपऱ्यात, कॉलरच्या घडीत असते.

आणि जे ऊन खाल्लेलं वाटत होतं ते पण आपल्यासारखंच ऊन असू शकते, नागपूरच्या गच्चीवर मे महिन्यात पंधरा दिवस टाकलं तर काहीही विटते. अंगावर घातलेला कपडा खांद्यावर, पाठीवर, कोपरावर विटते, काखेत आणि कॉलरच्या खाली मूळ रंग राहते. दोरीवर टाकून विटवलेल्या कपड्यावर जिथं दोरी होती तिथं आडवा गडद पट्टा राहते. माझ्या जॅकेटच्या छातीवर असा पट्टा होता, मी तो घडीचा डाग समजत होतो.

शेवटी मला विचारून चाचांनी ब्लेडच्या टोकाने पॅचचे तीन टाके कापले आणि कोपरा उचलला. हे सगळ्यात मोठं. पॅच खरंच वर्षानुवर्षं तिथं असेल तर त्याच्याखालचं कापड ऊन-पाणी न लागल्याने गडद राहायला पाहिजे, पॅच काढला की त्याच आकाराची सावली दिसते. माझ्या जॅकेटवर खाली काहीच नव्हतं, आजूबाजूला जसं विटकं कापड तसंच पॅचच्या खाली. पॅच कदाचित खरा असेल, जॅकेट तर नक्की खरं, पण त्या दोघांची भेट कोणाच्या तरी टेबलावर झाली, वाळवंटात नाही.

मला राग आला तो पैशांचा कमी आणि त्या जवानाचा जास्त. कोणीतरी एक माणूस खरंच ते जॅकेट घालून कुठंतरी उभा असेल, त्याचं नाव, त्याचं युनिट जे काय असेल ते पुसून त्याच्यावर दुसऱ्याची गोष्ट चिकटवली आणि मला विकली. त्या विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, सात दिवसांची मुदत संपली म्हणे. चाचांनी टाके परत घालून दिले, दीडशे रुपये घेतले, मला ते कमीच वाटले.

दुसरी चकर मी मुद्दाम दुकानाचा स्वतःचा माल पाहायला मारली. आणि इथं तो विषय झाला ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो.

हँगरवर तीन रंगांचं एक जॅकेट होतं, टॅगवर मालकांच्या हाताने लिहिलेलं, ओरिजिनल पॅचसहित, साडेतीन हजार. डाव्या खांद्यावर सात टोकांचा तारा, म्हणजे सेव्हन्थ कोर, अनेक डिव्हिजन मिळून होणारी अमेरिकन आर्मीची मोठी तुकडी. मी लेबल पाहिलं तर एसपीओ100-01, म्हणजे 2001 चं कॉन्ट्रॅक्ट. आता सेव्हन्थ कोर ही जर्मनीत असायची, 1990 च्या शेवटी तिला सौदीला पाठवलं, 1991 च्या फेब्रुवारीत मुख्य धडक तिनेच मारली आणि 1992 मध्ये ती बंद झाली. डावा खांदा म्हणजे सध्याचं युनिट. 2001 नंतर शिवलेल्या जॅकेटच्या डाव्या खांद्यावर 1992 ला बंद झालेलं युनिट कसं बसेल? उजव्या खांद्यावर असता तर मी काही बोललो नसतो, 1991 ला लढलेला एखादा जुना सार्जंट 2003 ला पण नोकरीत असू शकते आणि तो पॅच त्याचा हक्काचा आहे.

मालकांना हे सांगितलं तर ते आधी मानले नाहीत. ते म्हणाले, भाऊ, लढाईत कोण एवढे नियम पाळते, 91 ला तर लोकांनी हिरवे पॅच वाळवंटी कपड्यांवर लावले होते. आणि ते चूक नव्हते बरं. आखाती युद्धात माल एवढ्या घाईत गेला की जर्मनीहून आलेल्या बऱ्याच लोकांना वाळवंटी कपडेच वेळेवर भेटले नव्हते, ते हिरव्या छापातच लढले, आणि ज्यांना कपडे भेटले त्यांना खाकी-तपकिरी पॅच भेटले नाहीत, मग कोणी हिरवा-काळा लावला, कोणी पूर्ण रंगीत लावला, कोणी तिथल्याच बाजारात टेलरकडून भरतकाम करून घेतला. त्यामुळे वाकडा-तिकडा, कच्च्या भरतकामाचा पॅच म्हणजे नकली असं समजू नका, तो तिथल्या बाजारातला असू शकते आणि जमवणारे त्याला जास्त पैसे देतात. उलट एकदम देखणा, मागे इस्त्रीने चिकटवायचा चकचकीत थर असलेला पॅच दिसला तर तो आजकालचा फॅन्सी माल आहे.

पण नियम मोडणे वेगळं आणि बंद झालेल्या युनिटमध्ये दहा वर्षांनी नोकरी करणे वेगळं, हे मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघं जॅकेट घेऊन चाचांकडे गेलो.

चाचांनी भिंग लावलं, जॅकेट खिडकीकडे तिरपं धरलं, समोरून लाइट पडला की काही दिसत नाही, बाजूने पडला की दिसते. आणि म्हणाले, हे पाय. ताऱ्याच्या बाहेर, वर आणि दोन्ही बाजूंना, कापडात बारीक भोकांची ओळ होती. एकामागे एक, सरळ, मग खाली निमुळती होत जाणारी. सुईची भोकं. मी पेन्सिलने कागदावर तो आकार काढला तर ढाल निघाली, मोठी ढाल, तळहाताहून मोठी. आणि त्या ढालीच्या आतलं कापड बाहेरच्यापेक्षा जरासं गडद, इतकं जरासं की सांगितल्याशिवाय नजरेत येणार नाही.

एवढी मोठी ढाल अमेरिकन आर्मीत पटकन एकच आठवते, फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजन, तिरपा पट्टा आणि घोड्याचं तोंड. ती डिव्हिजन 2004 ला बगदादमध्ये होती, म्हणजे 2001 च्या जॅकेटला वेळ पण जुळते. हे मी शपथेवर नाही सांगत, आकारावरून सांगून राहिलो. पण कोणीतरी तो खरा पॅच उसवला, बहुतेक वेगळा विकला, आणि त्या सावलीवर हा तारा ठोकला हे तर समोर दिसत होतं. सावलीच्या आकारात पॅच बसते का हे पाहणे एवढं सोपं काम, आणि मी इतके वर्षं ते कधी केलं नाही.

मालक दोन मिनिटं गप्प होते. मग त्यांनी काउंटरवरून पेन आणलं आणि टॅगवरचं ओरिजिनल पॅचसहित खोडलं. माझ्यासमोर. म्हणाले मी गाठीत जसं आलं तसं घेतलं होतं, मी लावला नाही पण मी पाहिलं पण नाही. मला हे आवडलं. दहा दुकानदारांतले नऊ जण म्हणाले असते की घ्यायचं तर घ्या.

आता स्टार काऊन कापला ते. काउंटरच्या खाली एक पत्र्याचा ट्रे आहे, सुट्या पॅचचा, दोनशे ते सहाशे रुपये. त्याच्यात जुने खरे, आजकाल बनवलेले, फॅशनचे सगळे एकत्र पडले आहेत, आणि किंमत आकारावर लावली आहे, वयावर नाही. मला स्वतःला त्याच्यात एक खरा जुना, कापलेल्या कडेचा पॅच अडीचशेत भेटला, म्हणजे माझा फायदाच झाला, तरी हे बरोबर नाही. नवीन पोरगा येणार, चकचकीत पाहून सहाशेचा उचलणार, कॉलेजच्या जॅकेटला लावला तर ठीक, पण पुढं तोच पॅच एखाद्या खऱ्या जॅकेटवर शिवून चार हजारांत विकायला असेच सुटे पॅच कामी येतात. मी मालकांना म्हटलं निदान दोन ट्रे करा. तिसऱ्या चकरेला गेलो तोपर्यंत केले नव्हते.

तिसऱ्या चकरेला त्यांनी मला स्वतःहून एक वस्तू दाखवली, कपाटातून काढून. खाकी ड्रिलचा, म्हणजे जाड सुती कापडाचा जुना शर्ट, बाहीवर काळ्यावर लाल गरुड. फोर्थ इंडियन डिव्हिजन, दुसऱ्या महायुद्धातली. माझ्या छातीत धस्स झालं, खोटं नाही सांगत. हे आपले लोक आहेत. 1940 च्या डिसेंबरमध्ये इजिप्तमधल्या सिदी बरानीला, मग इरिट्रियातल्या केरेनला, मग परत लिबियाच्या वाळवंटात, आणि 1942 च्या जूनमध्ये तोब्रुक पडलं तेव्हा या डिव्हिजनची 11 वी ब्रिगेड आत होती आणि तिच्यात दुसरी मराठा बटालियन होती. कैद झाले ते. सातारा-कोल्हापूरकडच्या किती घरांत ती बातमी कशी पोचली असेल. अमेरिकन जॅकेटं मी आवड म्हणून जमवतो, पण वाळवंटी युनिफॉर्म म्हटलं तर आपला तो खाकी ड्रिल आहे आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही.

नऊ हजार सांगितले. टॅगवर, दुसरं महायुद्ध, वाळवंट.

या वेळी मी घाई केली नाही. शर्ट उलटा केला. पॅच हाताने शिवलेला, टाके कमी-जास्त, दोरा मळकट, खालचं कापड कोपऱ्यातून जेवढं दिसलं तेवढं जरा गडद. मालकांना विचारून पॅचच्या मागून लोंबणारा एक दोरा अर्धा इंच कापला आणि एक शिवणीचा दोरा, आणि चाचांनी माचीस लावली. पॉलिस्टर असेल तर वितळून काळा कडक मणी होते, आणि पॉलिस्टरचा दोरा बाजारात आला तो युद्धानंतर, म्हणजे मणी झाला की वाळवंटाची गोष्ट तिथंच संपली. दोन्ही दोरे जळाले, कागद जळाल्यासारखा वास आला आणि चिमटीत राख झाली. सुती.

मी मालकांकडे पाहिलं, मालक माझ्याकडे. चाचा म्हणाले, एवढ्यानं खूश नको होऊ. सुती दोरा इतवारीत आजही भेटते, जुन्या शर्टाच्या शिवणीतून उसवून पण काढता येते. मणी झाला असता तर मी नाही म्हटलं असतं, राख झाली म्हणून हो कसं म्हणू? चाळीस वर्षं रफू करणारा माणूस हे सांगते, की माझं काम चांगलं असलं तर ते दिसतच नाही, आणि तसंच काम दुसरा पण करू शकते. हे ऐकून मला त्यांच्याबद्दलचा आदर आणखी वाढला, कारण तिथं हो म्हटलं असतं तर मी पैसे काढलेच होते.

मी मालकांना विचारलं की बिलावर 1942 लिहून द्याल का. ते नाही म्हणाले. म्हणाले जुना, सुती, हाताने शिवलेला एवढं लिहीन, बाकी मला माहीत नाही. मग टॅगवर काऊन लिहिलं, विचारलं, तर म्हणाले ज्याच्याकडून घेतला त्याने सांगितलं म्हणून. तो टॅग त्यांनी बदलावा असं मला वाटते आणि मी तोंडावर सांगितलं. शर्ट घेतला नाही. त्याच्यासोबत एखादा फोटो, पेबुक म्हणजे जवानाच्या पगाराचं पुस्तक, पत्र, काहीही कागद असता तर घर गहाण ठेवून घेतला असता. नुसत्या कापडावर एवढी मोठी गोष्ट मी टाकू शकत नाही, त्या माणसांसाठी तर नाहीच.

आणखी एक, आपल्या फौजेचा सध्याचा माल या दुकानात नाही, तो मागू पण नका. 15 जानेवारी 2022 ला आर्मी डेच्या परेडला जो नवीन डिजिटल छापाचा कॉम्बॅट युनिफॉर्म आला त्याच्या डिझाइनचं रजिस्ट्रेशन आर्मीने केलेलं आहे, उघड्या बाजारात तो विकायला परवानगीच नाही. माझ्यासमोर दोन पोट्टे रील बनवायला तसाच शर्ट मागत होते, मालकांनी सरळ नाही म्हटलं आणि समजावलं पण, की फौजी दिसायच्या इराद्याने असे कपडे घातले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 168 लागते, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पठाणकोटच्या हल्ल्यात 2016 ला अतिरेकी आर्मीचेच कपडे घालून आले होते, तेव्हापासून मालक हा माल ठेवतच नाहीत. कामठी एवढं जवळ, वायुसेना नगर एवढं जवळ, अशा शहरात हे पाळणारा दुकानदार मला तरी महत्त्वाचा वाटते.

शेवटी घेतलं काय, तर तेच 2001 चं जॅकेट. ताऱ्याशिवाय. चाचांनी तारा उसवला, त्यांना वीस मिनिटं लागली, एक एक टाका, जुन्या भोकांना धक्का न लावता, आणि तो निघाल्यावर ढालीची सावली पूर्ण दिसली, वरची कड आणि खालचं टोक. साडेतीन हजारांचं मला तेराशेत भेटलं. तारा त्यांनी वेगळ्या पिशवीत घालून दिला आणि बिलावर मालकांनी लिहिलं, पॅच नंतर लावलेला, काढून दिला. ते बिल मी जॅकेटच्या खिशातच ठेवलं आहे, उद्या माझ्याकडून कोणी घेतलं तर त्याला पण भेटेल. सावलीवर आता काही शिवणार नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, चाचा दुपारी दोन ते चार जेवायला आणि नमाजला जातात, शुक्रवारी जरा उशिरा येतात, त्यामुळे सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा त्या खिडकीतून ऊन तिरपं येते. भिंग आपलं न्या, त्यांच्याकडे एकच आहे. आणि तपासून पाहिजे असेल तर धुऊन-इस्त्री करून आणू नका, चाचा रागावतात.